तानिगावा-दाके : रेल्वेच्या वाटेवरचा अवघड डोंगर

जपानच्या होन्शू या मुख्य बेटावर, गुन्मा आणि निगाता या दोन प्रांतांच्या सीमेवर उभा असलेला तानिगावा-दाके हा डोंगर उंचीच्या हिशेबात मोठा नाही. त्याचे सर्वोच्च टोक 1977 मीटरवर आहे, म्हणजे 3776 मीटर उंचीच्या फुजी पर्वताच्या निम्म्याहून थोडे अधिक. तरीही 1931 पासून ठेवलेल्या अपघातांच्या नोंदीनुसार 2012 पर्यंत या एका डोंगरावर 805 जणांनी प्राण गमावले. हा डोंगर इतका घातक का ठरला, याचे अर्धे उत्तर त्याच्या खडकात आणि हवामानात आहे; उरलेले अर्धे मात्र त्याच्या पायथ्याशी थांबणाऱ्या रेल्वेगाडीत शोधावे लागते.

नोंदींचा आरंभ ज्या वर्षी झाला, त्याच 1931 साली या डोंगररांगेच्या पोटातून जाणारा 9.7 किलोमीटर लांबीचा शिमिझू बोगदा खुला झाला आणि जोएत्सु रेल्वेमार्गाने तोक्यो थेट डोंगराच्या पायथ्याशी जोडले गेले. यासुनारी कावाबाता यांच्या ‘हिमप्रदेश’ या कादंबरीच्या आरंभी येणारा बोगदा तो हाच. शनिवारी रात्री राजधानीतून निघावे, पहाटे कड्याला भिडावे आणि सोमवारी पुन्हा कामावर हजर व्हावे, हे नोकरदार तरुणांनाही शक्य झाले. ज्यांना दूरच्या उंच पर्वतांसाठी सवड किंवा पैसा नव्हता, त्यांच्यासाठी तानिगावा हे हक्काचे आव्हान बनले. परंतु रात्रभर गाडीत अर्धवट झोप घेऊन आलेला आणि परतीच्या वेळेने बांधलेला माणूस तितक्याच अवघड कड्यावर अधिक चुका करतो, हेही त्याबरोबर आलेच.

डोंगराची घडण अशा चुकांना क्षमा करणारी नाही. तानिगावाची धार हा होन्शूचा जलविभाजक आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेले पाणी जसे काही पश्चिमेला आणि काही पूर्वेला वाहून जाते, तसे येथले पाणी एका अंगाने प्रशांत महासागराकडे आणि दुसऱ्या अंगाने जपानच्या समुद्राकडे जाते. हिवाळ्यात सायबेरियाकडून येणारे कोरडे, थंड वारे जपानचा समुद्र ओलांडताना बाष्प उचलतात आणि ते या रांगेवर आदळले की प्रचंड हिमवृष्टी होते. उन्हाळ्यातही दोन्हीकडची हवा माथ्यावर एकमेकांना भिडत असल्याने निरभ्र सकाळ तासाभरात दाट धुक्यात आणि पावसात बदलू शकते. बर्फाच्या याच माऱ्यामुळे मध्यम उंचीवरच वृक्षराजी संपते आणि पुढे उघडा खडक, खुरटी झुडपे व वारा एवढेच उरते.

मृत्यूंची मोठी संख्या मुख्यतः पूर्वेकडील उभ्या कड्यांवर, विशेषतः इचिनोकुरा-सावा या घळीच्या भिंतींवर झालेल्या आरोहणांतील आहे, पायवाटेने शिखर गाठणाऱ्यांची नाही, हे येथे स्पष्ट करायला हवे. 1960 मध्ये तेथील एका कातळावर दोन गिर्यारोहक दोरावर लटकलेल्या अवस्थेत मरण पावले. त्यांच्यापर्यंत पोहोचणे इतके धोक्याचे होते, की अखेर जपानच्या स्वसंरक्षण दलाच्या नेमबाजांनी हजाराहून अधिक गोळ्या झाडून दोर तोडले आणि मग मृतदेह खाली आणता आले. 1966 मध्ये गुन्मा प्रांताने केवळ या डोंगरासाठी अपघात-प्रतिबंधक नियम केला, ज्यानुसार धोकादायक ठरवलेल्या कड्यांच्या भागात जाणाऱ्याला दहा दिवस आधी आपला बेत लेखी कळवावा लागतो.

पायी जाणाऱ्यासाठी मुख्य वाटा दोन आहेत. पहिली रोपवेने तेन्जिनदाइरा या सुमारे 1300 मीटर उंचीवरील पठारावर नेते आणि तेथून साधारण अडीच तासांत माथा गाठता येतो. दुसरी वाट म्हणजे निशिगुरो-ओने. ‘ओने’ म्हणजे डोंगराची सोंड. जपानमधील तीन सर्वांत खड्या चढणींत गणली जाणारी ही सोंड सुमारे 1200 मीटरचा चढ चार-साडेचार तासांत चढवते. आरंभी दाट जंगलातून मुळांच्या पायऱ्यांवरून वाट जाते, जंगल संपताच साखळ्या धरून चढायचे खडक लागतात आणि त्यावर येतो सर्पेंटाइन हा हिरवट, गुळगुळीत दगड, ज्याला शतकानुशतकांच्या सरकत्या बर्फाने घासून चकचकीत केले आहे. ओला झाला की तो पाय टिकू देत नाही. म्हणूनच या सोंडेने चढावे, पण उतरताना शक्यतो दुसरी वाट धरावी, असा सल्ला दिला जातो. माथ्यावर तोमा-नो-मिमी आणि ओकी-नो-मिमी अशी दोन टोके आहेत. ‘मिमी’ म्हणजे कान, आणि दुरून पाहिले की डोंगराने कान टवकारल्यासारखे दिसते.

या डोंगराची पहिली चढण मात्र स्थानकातच सुरू होते. 1967 मध्ये दुसरा, अधिक लांब बोगदा झाला आणि तोक्योच्या बाजूने येणाऱ्या गाड्यांसाठी दोआई स्थानकाचा फलाट थेट त्या बोगद्यात, जमिनीखाली सुमारे 70 मीटर खोल बांधला गेला. उतरलेल्या प्रवाशासमोर 462 पायऱ्यांचा एकच सरळ जिना उभा राहतो, ज्याच्या वरच्या टोकाचा उजेड तळातून ठिपक्याएवढा दिसतो; भर उन्हाळ्यातही तेथे गारवा असतो आणि सरकत्या जिन्यासाठी राखलेल्या, पण कधीच न वापरलेल्या बाजूच्या जागेतून पाणी झिरपत असते. हा जिना संपल्यावर आणखी 24 पायऱ्या चढल्या की स्थानकाचे निर्मनुष्य दार येते, आणि तेथून रोपवेच्या तळापर्यंत वीस मिनिटांची चाल उरते. परतीचा फलाट जमिनीवरच असल्याने संध्याकाळी हा जिना उतरावा लागत नाही. ज्यांना तो टाळायचा आहे, त्यांच्यासाठी जोमो-कोगेन या शिन्कान्सेन स्थानकावरून मिनाकामीमार्गे रोपवेपर्यंत बसही जाते.

दोआईला दिवसभरात मोजक्याच गाड्या थांबतात, आणि म्हणून सार्वजनिक वाहनाने जाणाऱ्याचा बेत शिखरापासून नव्हे, तर परतीच्या शेवटच्या गाडीपासून मागे मोजत करावा लागतो. जपानी गिरिभ्रमण-नकाशांवर एका टप्प्यापासून दुसऱ्यापर्यंतचा चालण्याचा वेळ मिनिटांत छापलेला असतो. त्यात विश्रांतीचा वेळ धरलेला नसतो, हे लक्षात ठेवून त्यावर भरपूर वेळ वाढवावा आणि ठरावीक घटिकेला, माथा समोर दिसत असला तरी, मागे फिरण्याचा निश्चय घरीच करावा. त्याचबरोबर ‘तोझान-तोदोके’, म्हणजे आपले नाव, वाट, सोबती आणि परतीची वेळ नोंदवणारा अर्ज भरावा, कारण कोणी परतले नाही तर शोध कोठून सुरू करायचा, हे बचाव पथकाला त्यावरूनच कळते.

रेल्वेने तानिगावाचे अंतर कमी केले, त्याची चढण नाही. शिमिझू बोगद्यानंतरच्या पिढ्यांनी या दोहोंतील फरक शिकण्यासाठी फार मोठी किंमत मोजली. आज दोआईच्या पायऱ्या चढणाऱ्याने त्या वाटेवरच स्वतःला विचारावे, की अजून पाय किती भरवशाचे आहेत, आकाश काय सांगते आहे आणि शेवटची गाडी किती वाजता आहे. या तिन्हींपैकी एकाचेही उत्तर प्रतिकूल असेल, तर त्या दिवशी रोपवेने पठारापर्यंत जाऊन परतणे, हेच उत्तम गिरिभ्रमण होय.