मराठी राज्याचे प्रारंभीचे परराष्ट्र व सीमासंघर्ष

छ. शिवाजी महाराजांनी सु. १६४६ मध्ये तोरणा घेतल्यापासून १६७४ मधील राज्याभिषेकापर्यंत मराठी राज्याला शेजारच्या सत्तांशी करावे लागलेले संघर्ष. या काळात राज्याचे मुख्य ठाणे दीर्घकाळ राजगड हेच होते. राजगड आणि तोरणा हे दोन्ही किल्ले पुणे जिल्ह्यातील भोर–वेल्हे भागात असून नसरापूर–वेल्हे मार्गावरील विंझर व आसपासची गावे त्यांच्या परिसरातील गुंजण मावळात मोडतात. राज्याचे मर्मस्थान आणि त्याची सीमा यांत त्या वेळी फारसे अंतर नव्हते. पुरंदर किंवा रोहिड खोऱ्यापर्यंत आलेले शत्रुसैन्य थोड्याच मजलांत राजधानीच्या पायथ्याशी पोहोचू शके.

निजामशाहीचा १६३६ मध्ये शेवट होऊन तिचा मुलूख मोगल व आदिलशहा यांनी वाटून घेतला. त्यामुळे उत्तरेस जुन्नर–अहमदनगरकडे मोगल, तर दक्षिण व पूर्व दिशांना आदिलशाही अशी स्थिती निर्माण झाली. घाटाखाली दंडा–राजपुरी व जंजिरा सिद्दीकडे, चौल, वसई व गोवा पोर्तुगीजांकडे होते. राजापुरास इंग्रजांची वखार होती. यांपैकी मोगल किंवा आदिलशहा या दोहोंतील एका सत्तेचेही सामर्थ्य नवोदित राज्याच्या कितीतरी पट होते. म्हणून दोन शत्रू एकाच वेळी अंगावर येऊ न देणे, एकाशी लढताना दुसऱ्याशी बोलणी चालू ठेवणे, हे महाराजांच्या परराष्ट्रनीतीचे पहिले सूत्र ठरले.

त्याची प्रचिती पहिल्याच मोठ्या संकटात आली. आदिलशाहीने १६४८ मध्ये शहाजीराजांना जिंजीनजीक कैद केले व फत्तेखानास महाराजांवर पाठविले. पुरंदरच्या परिसरात फत्तेखानाचा पराभव झाला. तथापि पित्याची सुटका केवळ शस्त्रबळाने होणे शक्य नव्हते. महाराजांनी दख्खनचा मोगल सुभेदार शाहजादा मुराद याच्याशी पत्रव्यवहार आरंभिला. मुरादने प्रत्यक्ष साहाय्य केले नाही, परंतु मोगलांशी चाललेल्या या बोलण्यांचा विजापूरवर दाब पडला असावा. १६४९ मध्ये शहाजीराजे सुटले आणि त्यासाठी कोंढाणा परत द्यावा लागला. पुढे औरंगजेब विजापूरशी लढण्यात गुंतला असता महाराजांनी जुन्नर व अहमदनगरवर छापे घातले (१६५७) आणि लगेच त्याच्याकडे वकील पाठवून दिलगिरीही व्यक्त केली. दिल्लीच्या गादीसाठी औरंगजेब उत्तरेकडे वळला, त्या संधीत कल्याण–भिवंडी मराठ्यांच्या हाती आली. जावळी त्यापूर्वीच, १६५६ मध्ये, घेतली होती.

सीमेचा प्रश्न केवळ किल्ल्यांचा नव्हता. मावळातील देशमुखांची वतने आदिलशाही सनदांवर चालत, तेव्हा त्यांची निष्ठा कोठे वळते यावर खोऱ्याखोऱ्याचे भवितव्य अवलंबून होते. अफजलखानाच्या स्वारीत (१६५९) विजापूरहून देशमुखांना फर्माने सुटली : खानास मिळा, अन्यथा वतनास मुकाल. रोहिड खोऱ्याचे कान्होजी जेधे ते फर्मान घेऊन मुलांसह महाराजांकडे गेले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडले. गुंजण मावळचे हैबतराव शिळीमकर व अन्य मावळांचे देशमुखही महाराजांच्या बाजूस राहिले. उलट रोहिड खोऱ्यातीलच उत्रौलीचा खंडोजी खोपडे खानास मिळाला. पुढे तो हाती लागला, तेव्हा त्यास हात व पाय तोडण्याची शिक्षा झाली. एकाच खोऱ्यातील दोन घराण्यांचे हे दोन निर्णय पाहिले, म्हणजे प्रतापगडच्या विजयाचा पाया कोठे घातला गेला ते कळते.

दोन्ही शत्रू एकाच वेळी चालून येण्याचा प्रसंग १६६० मध्ये आला. पन्हाळ्यास सिद्दी जौहरचा वेढा आणि पुण्यात शायिस्ताखान अशी ती कोंडी होती. राजापूरच्या इंग्रजांनीही वेढ्यात तोफांसह भाग घेतला व त्याचे प्रायश्चित्त १६६१ मध्ये त्यांच्या वखारीस भोगावे लागले. महाराज पन्हाळ्यावरून निसटले आणि थोड्याच अवधीत त्यांनी तो किल्ला आदिलशाहीस देऊन टाकला. एक आघाडी मिटविल्यामुळेच दुसरीकडे लक्ष देता आले. उंबरखिंडीचा विजय (१६६१) आणि लाल महालावरील छापा (१६६३) हे त्यानंतरचे होत.

मिर्झाराजा जयसिंग याने १६६५ मध्ये हे सूत्रच मोडून काढले. त्याने विजापूरला दूर ठेवले. पोर्तुगीज, सिद्दी आणि जावळीचे मोरे यांसारख्या दुखावलेल्यांकडेही त्याने संधान बांधले. पुरंदरला वेढा चालू असतानाच दाऊदखानाच्या सैन्याने रोहिड खोरे व राजगडाच्या परिसरातील गावे जाळली. बखरींतून किल्ल्यांच्या लढाया विस्ताराने येतात. या जळालेल्या गावांची हकिकत मात्र मुख्यतः मोगली साधनांतून मिळते. रयतेची ही धूळधाण महाराजांना तहाकडे वळविणाऱ्या कारणांपैकी एक महत्त्वाचे कारण समजले पाहिजे. तहान्वये २३ किल्ले व ४ लक्ष होन उत्पन्नाचा मुलूख मोगलांकडे गेला. महाराजांकडे १२ किल्ले व १ लक्ष होनांचा प्रदेश उरला. राजगड आणि तोरणा या बारांत होते.

नव्या राज्यांच्या इतिहासात असे प्रसंग अन्यत्रही आढळतात. १७८३ नंतर अमेरिकेच्या प्रजासत्ताकासमोर वायव्येस ब्रिटिशांनी न सोडलेली ठाणी व आदिवासी जमातींशी युद्ध, मिसिसिपीच्या मुखाशी स्पेन आणि भूमध्य समुद्रात उत्तर आफ्रिकेतील चाचे राज्ये असे प्रश्न एकदमच उभे राहिले. १७९४ चा जे याने इंग्लंडशी केलेला तह अनेक अमेरिकनांना मानहानिकारक वाटला, परंतु त्याने उसंत मिळाली. अर्थात त्या राज्यास महासागराचा आडोसा होता. मराठी राज्यास सह्याद्रीपलीकडे आडोसा नव्हता.

पश्चिमेकडील सीमा समुद्राची होती. पोर्तुगीजांचे परवाने घेतल्यावाचून जहाजे सुरक्षित फिरू शकत नसत. कल्याण–भिवंडीस आरमाराची बांधणी सुरू झाली, तेव्हा तेथे पोर्तुगीज कारागीर कामास होते. आरमाराचा रोख ध्यानात येताच पोर्तुगीजांनी त्यांना तेथून काढून घेतले. १६६४ मध्ये सिंधुदुर्गाची उभारणी सुरू झाली. १६६७ मध्ये बारदेशवर स्वारी झाली आणि त्याच वर्षअखेर पोर्तुगीजांशी तह झाला.

१६७० पासून गेलेले किल्ले परत घेण्याचा क्रम सुरू झाला व साल्हेरच्या लढाईनंतर (१६७२) मोगलांना बचावाचे धोरण स्वीकारावे लागले. पन्हाळा १६७३ मध्ये पुन्हा हाती आला. राज्याभिषेकप्रसंगी रायगडावर आलेल्या हेन्री ऑक्झेंडनच्या बोलण्यांत राजापूरच्या वखारीची नुकसानभरपाई हा एक मुख्य विषय होता आणि इंग्रजांशी तहही झाला. सिद्दी मात्र मोगलांच्या आश्रयास गेला. पद्मदुर्ग बांधून व वारंवार मोहिमा काढूनही जंजिरा महाराजांच्या हयातीत हस्तगत झाला नाही.