न्यू फॉरेस्ट

न्यू फॉरेस्ट : इंग्लंडमधील एक प्राचीन राजवन व राष्ट्रीय उद्यान. द. इंग्लंडमधील हँपशर परगण्याच्या नैर्ऋत्य भागात ते पसरले असून त्याचा थोडा भाग विल्टशर परगण्यात मोडतो. पूर्वेस साउथॅम्प्टनची खाडी, दक्षिणेस सोलेंट सामुद्रधुनी व पश्चिमेस एव्हन नदीचे खोरे यांच्या दरम्यान हा प्रदेश येतो. राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्रफळ सु. ५६६ चौ. किमी. असून त्यातील जवळजवळ निम्मी जमीन राजसत्तेच्या मालकीची आहे. लिंडहर्स्ट हे येथील प्रमुख गाव. जुनी वृक्षवने, हीथ या नावाने ओळखली जाणारी झुडपी माळराने, गवताळ हिरवळी व दलदली येथे एकमेकींना लागून टिकून राहिल्या आहेत. त्यामुळे दुर्मिळ वनस्पती व प्राणी यांचे आश्रयस्थान म्हणून न्यू फॉरेस्टला महत्त्व प्राप्त झाले आहे.

इतिहास : पहिल्या विल्यम राजाने इ. स. १०७९ च्या सुमारास हा प्रदेश शिकारीसाठी राखून ठेवला. ‘फॉरेस्ट’ या शब्दाचा त्या काळचा अर्थ दाट अरण्य असा नसून खास वनकायदा लागू असलेला राजाचा मुलूख असा होता. त्यात माळराने व खेडीही येत. १०८६ च्या ‘डूम्झडे बुक’ या जमीन-पाहणीच्या दप्तरात या वनाची नोंद आहे. विल्यमचा मुलगा दुसरा विल्यम हा ११०० मध्ये येथेच शिकारीच्या वेळी बाण लागून मरण पावला. पुढे शिकारीपेक्षा लाकडाला महत्त्व आले. १६९८ च्या कायद्याने आरमारी जहाजांच्या ओक लाकडासाठी ६,००० एकर जमीन कुंपणाखाली घेण्यास परवानगी मिळाली. १८५१ च्या कायद्याने हरणे काढून टाकून आणखी १०,००० एकर जमीन कुंपणाखाली आणण्याचे ठरले. यामुळे चराईवर जगणाऱ्या स्थानिक लोकांचे हक्क धोक्यात आले व मोठा विरोध झाला. परिणामी १८७७ च्या कायद्याने नवी कुंपणे घालण्यावर मर्यादा घातली, जुन्या शोभिवंत वनांना संरक्षण दिले आणि ‘व्हर्डरर’ या वनपंचांच्या न्यायसभेची पुनर्रचना केली. १९२४ पासून राजसत्तेच्या जमिनीचे व्यवस्थापन वनआयोगाकडे आले. त्यानंतर अनेक ठिकाणी ओक व बीच तोडून सूचिपर्णी वृक्ष लावण्यात आले. १९७१ च्या मंत्रिस्तरीय आदेशाने हे थांबले. १ मार्च २००५ रोजी हा प्रदेश राष्ट्रीय उद्यान झाला.

हीथची घडण : येथील जमीन वाळू व गोटे यांची, आम्लधर्मी व निकस आहे. प्रागैतिहासिक काळात, विशेषतः ब्राँझयुगात, माणसाने वृक्षतोड केल्यावर पावसाने मातीतील पोषक द्रव्ये खाली वाहून नेली आणि उरलेल्या निकस भूमीवर हेदर (कॅलुना व्हल्गॅरिस), बेल हेदर, काटेरी गॉर्स यांसारखी खुरटी झुडपे वाढली. अशा रीतीने हीथ हा बव्हंशी मानवी व्यवहारातून निर्माण झालेला अधिवास आहे. त्याला तसेच सोडून दिले, तर बर्च (भूर्ज) व स्कॉट्स पाइन यांची रोपे शिरकाव करतात आणि काही दशकांत त्याचे वनात रूपांतर होते. हेदरचे झुडूपही तीस-चाळीस वर्षांत जीर्ण होऊन मधून फाटते. म्हणून केवळ कुंपण घालून माणसाला दूर ठेवणे हा येथे संरक्षणाचा मार्ग होऊ शकत नाही. शेती, वृक्षलागवड व शहरांची वाढ यांमुळे इंग्लंडमधील सखल प्रदेशातील बहुतेक हीथ १८०० नंतर नाहीसे झाले; त्यामुळे न्यू फॉरेस्टमधील सलग माळरानांचे मोल वाढले आहे.

वन्य जीव : डार्टफर्ड वटवट्या हा पक्षी गॉर्स व उंच हेदरमध्ये घरटे करतो व हिवाळ्यातही स्थलांतर करीत नाही. १९६२–६३ च्या कडक हिवाळ्यानंतर ब्रिटनमध्ये त्याच्या जेमतेम दहा-अकरा जोड्या उरल्या होत्या; पुढे त्यांची संख्या पुन्हा वाढली. रातवा, वनचंडोल, टिटवी व कर्ल्यू हे पक्षी जमिनीवर अंडी घालतात. विषारी नसलेला व पिलांना जन्म देणारा मऊसर सर्प (कॉरोनेला ऑस्ट्रिॲका) ब्रिटनमध्ये दक्षिणेकडील हीथवरच आढळतो. वालुका-सरडा (लॅसर्टा ॲजिलिस) उन्हाने तापणाऱ्या उघड्या वाळूत अंडी घालतो. येथून तो नाहीसा झाला होता, परंतु बंदिवासात वाढविलेली पिले सोडून त्याला पुन्हा वसविण्यात आले. दलदलीत स्फॅग्नम शेवाळी, कीटकभक्षक दवबिंदू (ड्रॉसेरा) व मार्श जेंशियन या वनस्पती, तर संथ प्रवाहांवर दक्षिणी टाचणी हा कीटक आढळतो. ब्रेकन नेच्याच्या आडोशाने वाढणारा रानटी ग्लॅडिओलस हे या वनाचे वैशिष्ट्य होय. जुन्या ओक व बीच वृक्षांवर शैवाकांच्या शेकडो जाती असून त्यांच्या ढोलींत वटवाघळे व कुजक्या लाकडावर जगणारे भुंगेरे राहतात. ब्रिटनमधील एकमेव देशी सिकाडा येथेच होता. मात्र विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकानंतर त्याची खात्रीलायक नोंद झालेली नाही.

सामाईक हक्क : येथील काही घरे व जमिनी यांच्याशी चराई, सरपण, पीट काढणे इ. हक्क निगडित आहेत. हक्कदार आपली तट्टे, गुरे व गाढवे मोकळी सोडतात. तट्टांची संख्या काही हजार आहे. चराईचे शुल्क भरल्याची खूण म्हणून तट्टाच्या शेपटीचे केस ठराविक पद्धतीने कापतात. शरद ऋतूत किमान ६० दिवस डुकरे सोडली जातात. तट्टांना व गुरांना विषारी ठरणारी ओकची हिरवी फळे ती खाऊन टाकतात. तट्टे गॉर्सचे कोंब व बर्चची रोपे खातात, हिरवळी आखूड ठेवतात आणि डबक्यांचे काठ तुडवून उघडे करतात. असे काठ पेनीरॉयल व लघू फ्लीबेन या दुर्मिळ वनस्पतींना आवश्यक असतात. चराई थांबल्यास या वनस्पती उंच गवतात गुदमरून जातील.

व्यवस्थापन : १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात हीथचे लहान लहान पट्टे आळीपाळीने जाळतात. त्यामुळे निरनिराळ्या वयाचे हेदर शेजारी-शेजारी राहते आणि उंच झुडूप हवे असणाऱ्या पक्ष्याला व उघडी जमीन हवी असणाऱ्या सरड्याला आपापली जागा मिळते. हेदर व ब्रॅकन कापणे, पाइनची रोपे उपटणे आणि काही सूचिपर्णी लागवडी काढून पूर्वीचे हीथ मोकळे करणे ही कामेही चालतात. एकोणिसाव्या शतकात व नंतर निचऱ्यासाठी खोदलेल्या सरळ चरांमुळे दलदली सुकू लागल्या होत्या. ते चर बुजवून व ओढ्यांना जुनी वळणे देऊन पाणी पुन्हा मुरविले जाते. आजारी व वठलेले जुने वृक्ष शक्य तेथे उभेच ठेवतात.

समस्या : साउथॅम्प्टन व बोर्नमथ ही शहरे जवळ असल्याने पर्यटकांचा ताण मोठा आहे. मोकाट कुत्री व वाटा सोडून चालणारे लोक यांच्यामुळे जमिनीवरील घरटी उधळली जातात. कर्ल्यूची घट विशेष चिंताजनक आहे. विणीच्या काळात संवेदनशील भागांजवळील काही वाहनतळ बंद ठेवतात. कुंपण नसलेल्या रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी सु. ६४ किमी. असूनही वाहनांच्या धडकेने दरवर्षी तट्टे व गुरे मरतात. हवेतून येणारी नायट्रोजनयुक्त प्रदूषके निकस माती समृद्ध करून हेदरच्या जागी गवत वाढवितात. सर्वांत खोल प्रश्न मात्र हक्कदारांचा आहे. तट्टांपासून उत्पन्न अल्प मिळते आणि घरांच्या किंमती शहरी खरेदीदारांमुळे वाढल्याने तरुण हक्कदारांना येथे राहणे कठीण होते. अनुदानाच्या योजनांनी चराईला आधार दिला जातो. या प्रदेशातील दुर्मिळ जीवांचे भवितव्य कायद्याइतकेच गुरे राखणाऱ्या या कुटुंबांच्या टिकून राहण्यावर अवलंबून आहे.