तंबाखूच्या गावात डब्यातील मिरची

निपाणी परिसर विडीच्या तंबाखूसाठी प्रसिद्ध असून तेथील अनेक घरांतून स्त्रिया विड्या वळतात. अशा घरी डब्यात मिरची वा टोमॅटो लावावयाचे असल्यास एक खबरदारी अवश्य घ्यावी.

प्रथम डब्याविषयी. गोडेतेलाचा १५ किलोचा रिकामा डबा स्वच्छ धुऊन त्याच्या कापलेल्या कडा आत वळवाव्यात. तळाला खिळ्याने पाच-सहा भोके पाडून डबा विटांवर ठेवावा, म्हणजे पावसाळ्यात पाणी साचून मुळे कुजत नाहीत. तळाशी खापऱ्यांचा थर देऊन वर दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत व एक भाग वाळू भरावी. एका डब्यात एकच रोप लावावे. कीटकनाशकाचा डबा मात्र कितीही धुतला तरी वापरू नये.

आता खबरदारी. तंबाखू, मिरची व टोमॅटो एकाच कुळातील आहेत. तंबाखूवरील मोझॅक रोगाचा विषाणू वाळलेल्या पानातही टिकून राहतो आणि हातांवाटे रोपात शिरतो. याच रोगाच्या कारणास हॉलंडचे शास्त्रज्ञ बायजेरिंक यांनी १८९८ साली ‘व्हायरस’ म्हटले. रोगट पानांवर फिकट व गडद हिरवे चट्टे उमटतात, पाने आकसतात आणि फळे कमी धरतात. यावर औषध नाही.

म्हणून तंबाखू हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याखेरीज रोपास शिवू नये. तंबाखूच्या शेतातील माती डब्यात भरू नये. तंबाखूचा काढाही फवारू नये. त्यातील निकोटीन माणसालाही विषारी असते. रोगट रोप दिसताच उपटून जाळावे व डब्यातील माती बदलावी.