बोट विजेची, कसोटी धक्क्याची

विजेवर चालणाऱ्या फेरीबोटींवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं. अशा बोटींचं कौतुक पुष्कळ झालं आहे. मला खिळवून ठेवलं ते त्यांच्या धक्क्याने.

नॉर्वेतली 'अँपिअर' ही मोटारी वाहून नेणारी, पूर्णपणे बॅटरीवर चालणारी जगातली पहिली फेरी. फ्येलस्ट्रांड गोदीत बांधलेली, सीमेन्सची विद्युतयंत्रणा असलेली ही 80 मीटर लांबीची ॲल्युमिनियमची जोडनौका नॉरलेड कंपनीने 2015 मध्ये सोग्नेफ्योर्डवर आणली. लाविक ते ओप्पेडाल हे अंतर साडेपाच किलोमीटरहून थोडं जास्त. 120 मोटारी आणि 360 प्रवासी घेऊन ती वीस मिनिटांत पलीकडे पोचते, दहा मिनिटं थांबते आणि परत फिरते. दिवसाला अशा 34 खेपा.

खरा पेच आहे त्या दहा मिनिटांत. एका खेपेला साधारण 150 युनिट वीज लागते. तेवढी दहा मिनिटांत भरायची, तर 900 किलोवॅटचा भार एकदम उचलावा लागतो. दोन्ही काठांवरची गावं लहान, तिथल्या वीजवाहिन्याही बेताच्या. बोट लागली की गावाची वीज खेचली जाणार, हे कुणाला चाललं असतं?

यावरचा तोडगा मला फार आवडला. दोन्ही धक्क्यांवर एकेक मोठी बॅटरी बसवली. गच्चीवरच्या टाकीत नळाचं पाणी बारीक धारेने दिवसभर पडत राहतं आणि सकाळी सगळ्या घरांना एकदम मिळतं, तसंच हे. बोट तासाभराने त्याच धक्क्याला परत येते. 150 युनिट तासभर सावकाश भरले, तर वाहिनीवर सरासरी 150 किलोवॅटचाच भार पडतो. गळती धरली तरी 900 च्या मानाने तो किरकोळ. रात्री सेवा बंद असताना बोट थेट वाहिनीवरून निवांत भरून घेते.

दुसरी करामत बोट धरून ठेवण्याची. फेरीबोटी एरवी धक्क्याला टेकून राहण्यासाठी पंखे फिरवत ठेवतात. म्हणजे इकडे वीज भरायची आणि तिकडे खर्चायची. इथे धक्क्यावरच्या निर्वात पकडी बोटीची कड चिकटून धरतात. पंखे थांबतात, बोट स्थिरावते आणि जोडणीला वेळ मिळतो. थोडक्यात, हा धक्का म्हणजे एक छोटं वीजकेंद्रच आहे.

आता आपल्याकडे पाहू. कोचीच्या वॉटर मेट्रोत 2023 पासून बॅटरीच्या बोटी धावताहेत. तिथले धक्के तरंगते आहेत. पाणी चढलं-उतरलं तरी बोट आणि फलाट एका पातळीवर राहतात. मुंबईतही विजेच्या जलवाहतुकीचं बोलणं सुरू आहे, आणि माझी काळजी तिथूनच सुरू होते. उधाणाला मुंबईच्या पाण्याची पातळी दिवसातून जवळपास पाच मीटर वर-खाली होते. एकाच उंचीवर पक्का बसवलेला चार्जर भरतीला बोटीच्या बरोबरीने आला, तर ओहोटीला डोक्यावर टांगलेला राहील. तरंगता धक्का करायचा, तर पाच मीटरचा चढउतार सोसणाऱ्या जाडजूड केबली, बिजागऱ्या आणि त्यांना पुरेल एवढा ढील हवा. त्यात पावसाळी लाटांचे हेलकावे, सांध्यांत शिरणारी खारी हवा आणि जेटीपाशी साचणारा गाळ. अंतराचंही गणित वेगळं आहे. भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला जाणारी रो-रो तासाभराचा प्रवास करते. तिला लागणारी वीज 'अँपिअर'च्या खेपेपेक्षा कितीतरी जास्त असणार, आणि मांडवा हेही काही मोठं वीजजाळं असलेलं शहर नव्हे.

यातली एकही अडचण अशक्य कोटीतली नाही. मात्र प्रत्येकीचं उत्तर त्या त्या किनाऱ्यावरच शोधावं लागेल. बोट आयात करता येईल, धक्का करता येणार नाही. म्हणून बोटींच्या निविदा निघण्याआधी प्रत्येक जेटीवर भरती-ओहोटी, वीजवाहिनीची ताकद आणि बोट थांबण्याची मिनिटं ही तीन मोजमापं व्हायला हवीत. बॅटरी बोटीवर किती, काठावर किती आणि वेळापत्रक कसं, हे त्या तीन आकड्यांवरूनच ठरेल. हे आधी केलं नाही, तर नव्याकोऱ्या बोटी वीज नाही म्हणून बांधून ठेवण्याची वेळ येईल.