जागतिक तापमानवाढ आणि तणांचे अर्थकारण

हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण वाढत आहे, याविषयी आता मतभेद उरलेले नाहीत. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सुमारे २८० भाग होता. १९५८ मध्ये हवाई बेटांवरील मौना लोआ येथे नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा तो सुमारे ३१५ भाग होता आणि २०२४ मध्ये त्याने ४२० चा टप्पा ओलांडला होता. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीनुसार २०२४ हे तोपर्यंतचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. त्या वर्षीचे सरासरी तापमान १८५०-१९०० या काळातील सरासरीपेक्षा सुमारे १.५५ अंश सेल्सिअसने अधिक होते.

मात्र या चर्चेत शेतीविषयी एक दिलासादायक युक्तिवाद वारंवार पुढे केला जातो. कार्बन डायऑक्साइड हे वनस्पतींचे अन्न आहे. ते वाढले तर पिकेही वाढतील, आणि तापमानवाढीने होणाऱ्या नुकसानीची काही अंशी भरपाई होईल, असा तो युक्तिवाद. तो पूर्णतः चुकीचा नाही. पण शेतात पीक एकटे उभे नसते, ही गोष्ट त्यात विसरली जाते.

जबलपूर येथील प्रयोग

भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९८९ मध्ये जबलपूर येथे राष्ट्रीय तण विज्ञान संशोधन केंद्र स्थापन केले. आज ती संस्था तण संशोधन संचालनालय म्हणून ओळखली जाते. शहराच्या महाराजपूर भागातील या संस्थेच्या शेतांवर वाढीव कार्बन डायऑक्साइडमध्ये पिके आणि तणे एकत्र वाढवून पाहिली जातात. त्यासाठी दोन पद्धती आहेत. पहिलीत वरून उघड्या, पारदर्शक कक्षांत वायू सोडला जातो. दुसरीत उघड्या शेतातच नळ्यांचे कडे उभारून, वाऱ्याच्या दिशेनुसार वायू सोडून, कड्याच्या आतील प्रमाण ५५० भागांच्या आसपास राखले जाते. चालू शतकातच हवा ज्या पातळीला पोहोचण्याची शक्यता आहे, ती पातळी अशा रीतीने आजच शेतात निर्माण करता येते.

हे प्रयोग समजण्यासाठी वनस्पतींच्या दोन गटांची ओळख आवश्यक आहे. गहू, भात, सोयाबीन, हरभरा ही पिके प्रकाशसंश्लेषणाच्या सी-३ पद्धतीची आहेत. हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढला की त्यांची वाढ लक्षणीय प्रमाणात सुधारते. मका, ज्वारी, बाजरी, ऊस ही सी-४ पद्धतीची पिके पानातच हा वायू एकवटून घेतात. त्यामुळे हवेतील वाढीचा त्यांना फारसा लाभ होत नाही, परंतु उष्णता आणि पाण्याचा ताण ती अधिक सहन करतात.

आता तणांकडे पाहू. गव्हातील गुल्लीदंडा आणि जंगली ओट ही तणे गव्हाप्रमाणेच सी-३ आहेत. म्हणजे ज्या वायूने गहू जोमाने वाढेल, त्याच वायूने तीही वाढतील. भाताच्या बांधीतील सावा हे तण सी-४ आहे. वायूचा लाभ भाताला अधिक होईल, पण तापमान चढले आणि पावसाने ओढ दिली की पारडे साव्याच्या बाजूला झुकते. ज्वारीच्या शेतात गाजरगवत उगवले तर तण सी-३ आणि पीक सी-४, अशी उलटी स्थिती निर्माण होते. शिवाय पिकांच्या वाणांत माणसाने निवड करून एकसारखेपणा आणलेला आहे. तणांत आनुवंशिक विविधता विपुल असते आणि बदलत्या परिस्थितीशी जुळवून घेणारे रोप त्यांच्यातून लवकर निपजते.

गाजरगवताचा उल्लेख आला म्हणून एक नोंद. भारतात या तणाचा प्रादुर्भाव प्रथम पुण्यात, १९५५-५६ च्या सुमारास नोंदला गेला. आज ते देशभर पसरले आहे. त्याच्या नियंत्रणासाठी मेक्सिकोतील एक भुंगेरा १९८० च्या दशकात बंगळूरु येथे आणून सोडण्यात आला. जबलपूरची संस्था हे भुंगेरे वाढवून पुरविते आणि दरवर्षी ऑगस्टमध्ये देशभर गाजरगवत जागृती सप्ताहाचे संयोजन करते. हा कीटक मुख्यतः पावसाळ्यात सक्रिय असतो. पावसाचे वेळापत्रक विस्कटले तर जैविक नियंत्रणाचे वेळापत्रकही विस्कटते.

रासायनिक नियंत्रणाचाही भरवसा कमी होत आहे. वाढीव कार्बन डायऑक्साइडमध्ये काही तणांवर ग्लायफोसेटचा परिणाम कमी होतो, असे अमेरिकी शास्त्रज्ञ लुईस झिस्का यांच्या प्रयोगांत आढळले. हवामानाशी संबंध नसलेली एक घटनाही येथे लक्षात ठेवण्यासारखी आहे. हरियाणात १९९० च्या दशकाच्या प्रारंभी गुल्लीदंडा आयसोप्रोट्युरॉन या तणनाशकाला दाद देईनासा झाला. एकाच औषधावर वर्षानुवर्षे विसंबल्याचा तो परिणाम होता.

नुकसानीचा हिशेब

तणांमुळे होणारे नुकसान कीड किंवा दुष्काळाप्रमाणे डोळ्यांत भरत नाही. म्हणूनच जबलपूरच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेला अंदाज महत्त्वाचा आहे. शेतकऱ्यांच्या शेतांवरील दीड हजारांहून अधिक चाचण्यांच्या आधारे, देशातील १० प्रमुख पिकांत तणांमुळे वर्षाला सुमारे ११ अब्ज डॉलरचे नुकसान होते, असे त्यात आढळले. त्यांपैकी भाताचा वाटा सुमारे ४.४ अब्ज, तर गव्हाचा सुमारे ३.४ अब्ज डॉलर होता. उत्पादनातील घट सोयाबीनमध्ये ३१.४ टक्के, तर गव्हात १८.६ टक्के होती. शेतकरी आपली नेहमीची खुरपणी आणि फवारणी करीत असतानाचे हे आकडे आहेत. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र ही देशातील सोयाबीनची दोन प्रमुख राज्ये असल्याने विदर्भ-मराठवाड्यालाही ते तितकेच लागू पडतात.

याच अभ्यासातील आणखी दोन आकडे तापमानवाढ रोखण्याच्या धोरणाशी थेट संबंधित आहेत. लावणीच्या भातात तणांमुळे होणारी घट १३.८ टक्के, तर थेट पेरणीच्या भातात ती २१.४ टक्के आढळली.

उपाय आणि त्याची किंमत

पाणी भरून ठेवलेल्या भातखाचरात प्राणवायूविना जगणारे जिवाणू मिथेन तयार करतात. शंभर वर्षांच्या कालावधीत मिथेनची तापविण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट मानली जाते. तो हवेत जेमतेम १२ वर्षे टिकतो. त्यामुळे त्यात केलेल्या कपातीचा परिणाम लवकर दिसतो. चिखलणी आणि लावणी टाळून भाताची थेट पेरणी केली तर मिथेन घटतो, पाणी वाचते आणि लावणीच्या मजुरीचा खर्चही टळतो. नायट्रस ऑक्साइड मात्र काहीसा वाढू शकतो. नत्रखताचा वापर काटेकोर असेल तर तो आटोक्यात राहतो.

पण खाचरातील पाणी हेच शेतकऱ्याचे सर्वांत स्वस्त तणनाशक होते, याकडे सहसा दुर्लक्ष होते. पाणी काढले की तण वर येते.

समजा, थेट पेरणीमुळे हेक्टरी ५० किलो मिथेन कमी झाला. २८ ने गुणल्यास ही कपात १.४ टन कार्बन डायऑक्साइडइतकी होते. टनामागे १,००० रुपये मिळाले असे धरल्यास शेतकऱ्याच्या वाट्याला १,४०० रुपये येतील. दुसरीकडे तणमुक्त उत्पादन हेक्टरी ४० क्विंटल मानले तर वरील दोन टक्केवारींतील ७.६ अंकांचे अंतर म्हणजे सुमारे ३ क्विंटल धान. २०२४-२५ च्या २,३०० रुपये हमीभावाने त्याची किंमत ६,९०० रुपये होते. गृहीतके बदलली तर आकडे बदलतील. मजुरी महाग असलेल्या गावात लावणीचा वाचलेला खर्च ही तूट भरून काढील. घरच्याच माणसांनी लावणी करणाऱ्या अल्पभूधारकाच्या बाबतीत तसे होणार नाही. मिथेनच्या कपातीचा लाभ साऱ्या जगाला होतो आणि तणाचा खर्च एका बांधीच्या मालकाला सोसावा लागतो. अर्थशास्त्रात ज्याला बाह्यपरिणाम म्हणतात, त्याचे हे नेमके उदाहरण होय. २०२१ मध्ये ग्लासगो येथे मांडल्या गेलेल्या जागतिक मिथेन प्रतिज्ञेत भारत सहभागी झाला नाही, त्यामागील शेतीविषयक भूमिकाही या हिशेबावरून समजू शकते.

तणनाशकाला दाद न देणारे वाण हा एक मार्ग सांगितला जातो. भारतीय कृषी संशोधन संस्थेने २०२१ मध्ये पुसा बासमती १९७९ आणि १९८५ हे इमॅझेथापायर सहन करणारे, जनुकीय परिवर्तन न केलेले वाण प्रसारित केले. मजुरांची टंचाई असलेल्या भागात ते उपयोगी आहेत. परंतु हा गुणधर्म संकराने रानटी भातात गेला तर हरियाणातील गुल्लीदंड्याचा अनुभव पुन्हा येण्याचा धोका राहतो. त्यामुळे एकट्या वाणावर भिस्त ठेवणे शहाणपणाचे नाही.

त्यापेक्षा पिकाचे अवशेष शेतात राखणे अधिक आश्वासक वाटते. मध्य प्रदेशात काढणीनंतरच्या धसकटांना ‘नरवाई’ म्हणतात आणि ती पेटवून देण्याचे प्रकार वाढले आहेत. २०२४ मध्ये भातकाढणीच्या हंगामात उपग्रहांनी टिपलेल्या अशा घटनांत हे राज्य पंजाबच्याही पुढे होते. नरवाई न जाळता हॅपी सीडरसारख्या यंत्राने तिच्यातच गहू पेरला तर धूर टळतो, ओल टिकते आणि जमीन झाकलेली राहिल्याने तणाची उगवणही कमी होते. मार्च २०२२ हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला, गव्हाचे दाणे बारीक राहिले आणि १३ मे रोजी केंद्र सरकारला गव्हाच्या निर्यातीवर बंदी घालावी लागली. अशा वर्षी पेरणी आठवडाभर आधी उरकणे आणि जमिनीत ओल असणे यांचे मोल मोठे असते. यंत्र महाग असल्याने ते भाड्याने देणारी केंद्रे गावोगाव असणे ही येथील खरी गरज आहे.

जबलपूर-नरसिंहपूरच्या काळ्या जमिनीत पूर्वी ‘हवेली’ पद्धत रूढ होती. चारही बाजूंनी उंच बांध घातलेल्या शेतात पावसाळाभर पाणी साठवीत आणि ऑक्टोबरच्या सुमारास ते सोडून देऊन गहू-हरभरा पेरीत. साठलेल्या पाण्याखाली तण कुजून जाई आणि रब्बीला ओल मिळे. पुढे खरिपात सोयाबीन आले. त्याच्या प्रसारात जबलपूरच्याच जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाचा मोठा वाटा होता. दोन पिके हाती येऊ लागल्यावर पावसाळाभर जमीन पडीक ठेवणे कोणालाच परवडेना आणि बांध मोडले गेले. ती पद्धत जशीच्या तशी परत आणता येणार नाही. शिवाय साचलेले पाणी मिथेनच्या दृष्टीने निर्दोषही नाही.

धोरणात्मक चौकट

३० जून २००८ रोजी जाहीर झालेल्या राष्ट्रीय हवामान बदल कृती योजनेतील आठ अभियानांत शाश्वत शेतीचे अभियान समाविष्ट होते. २०११ मध्ये कृषी संशोधन परिषदेने हवामान-अनुकूल शेतीचा राष्ट्रीय उपक्रम ‘निक्रा’ हाती घेतला. २०२२ मध्ये भारताने पॅरिस करारांतर्गत आपली उद्दिष्टे सुधारली. त्यानुसार २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत सकल उत्पादनाची उत्सर्जन-तीव्रता ४५ टक्क्यांनी कमी करावयाची आहे. निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी २०७० हे वर्ष ठरविले आहे. जानेवारी २०२४ मध्ये कृषी मंत्रालयाने शेतीतील ऐच्छिक कार्बन बाजाराची रूपरेषा जाहीर केली.

या बाजाराची अडचण किमतीइतकीच वेळेची आहे. कार्बन क्रेडिटचे पैसे मोजणी आणि पडताळणी झाल्यानंतर, म्हणजे हंगाम उलटून गेल्यावर मिळतात. थेट पेरणीच्या भातात तणाची तीव्र स्पर्धा मात्र पेरणीनंतर साधारण १५ ते ४५ दिवसांत असते आणि खुरपणीची मजुरी याच काळात रोख द्यावी लागते. म्हणून टनांच्या हिशेबाची वाट न पाहता, थेट पेरणी करणाऱ्या अल्पभूधारकाला पहिली दोन-तीन वर्षे हेक्टरी ठरावीक रक्कम खरिपाच्या सुरुवातीसच देणे आणि ती शेतकरी उत्पादक कंपन्यांमार्फत पुढे मिळणाऱ्या क्रेडिटमधून वळती करून घेणे अधिक व्यवहार्य ठरेल.