कपाटातले यंत्र आणि पडद्यावरचा डॉक्टर

गेल्या काही वर्षांतील माझ्या चुकांपैकी जी मला सर्वाधिक छळते, ती हिवाळ्याच्या तोंडावर घडली. मी हिमाचल प्रदेशातील एका वैद्यकीय महाविद्यालयात शिकवतो आणि आठवड्यातून तीन दुपारी संगणकासमोर बसून दूरवरच्या आरोग्य उपकेंद्रांतले रुग्ण पाहतो. चंबा जिल्ह्यातील पांगी खोऱ्यातून तिशीतली एक स्त्री पाच आठवड्यांत तीनदा माझ्यासमोर आली. तक्रार दरवेळी तीच: डोके दुखते, चक्कर येते, चढ चढवत नाही. उत्तरे तिचा नवरा देत होता. मी तिला डोळ्याची खालची पापणी ओढून दाखवायला सांगितले. पिवळ्या दिव्याच्या उजेडात ती मला पुरेशी लाल दिसली. वेदनाशामक आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून मी पुढच्या रुग्णाकडे वळलो. प्रत्येक भेट चार मिनिटांत आटोपली होती.

चौथ्या वेळी उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी रजेवरून परतल्या होत्या. त्यांनी नवऱ्याला जुने कागद आणायला घरी पाठवले, दार लावून घेतले आणि मग कॅमेरा सुरू केला. आठ महिन्यांपासून दर महिन्याला दहा-बारा दिवस रक्तस्राव होत असल्याचे तिने तेव्हा सांगितले. मी काही बोलण्याआधीच त्या अधिकाऱ्यांनी कपाटातून हिमोग्लोबिन मोजण्याचे यंत्र काढले. आकडा होता ५.६. तोवर साच खिंड बर्फाने बंद झाली होती. तिला उदयपूर, लाहौल आणि अटल बोगद्याच्या रस्त्याने कुल्लूला नेऊन रक्त द्यावे लागले. ती वाचली, त्यात माझा वाटा फारसा नाही. ते यंत्र तिन्ही वेळा त्याच खोलीत होते. मी विचारले नव्हते.

दूरवैद्यकाविषयी आपल्याकडे चर्चा होते ती प्रामुख्याने जोडणीची, उपकरणांची आणि आकड्यांची. देशाचा प्रवास खरोखर मोठा आहे. या शतकाच्या आरंभी ‘इस्रो’ने उपग्रहामार्फत मोजकी रुग्णालये जोडली, तेव्हा तो कौतुकाचा प्रयोग होता. ई-संजीवनी ही सरकारी सेवा २०१९च्या नोव्हेंबरात सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तिने १० कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला. गावातील केंद्रात रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी, दुसऱ्या टोकाला जिल्हा रुग्णालयातील किंवा महाविद्यालयातील डॉक्टर, अशी तिची मुख्य रचना. रुग्णाने घरातून थेट डॉक्टरांशी बोलण्याची सोय टाळेबंदीत, एप्रिल २०२० मध्ये आली.

कायद्याची चौकटही त्याच सुमारास ठरली. त्याआधी, २०१८ मध्ये, रत्नागिरीतील एका प्रकरणात प्रसूतीनंतर रुग्ण दगावली, दूरध्वनीवरून औषधोपचार सांगितल्याचा मुद्दा पुढे आला आणि मुंबई उच्च न्यायालयाने डॉक्टर दाम्पत्याला अटकपूर्व जामीन नाकारला. त्यानंतर देशभरातील डॉक्टर फोनवर साधा सल्ला द्यायलाही बिचकू लागले. २५ मार्च २०२०च्या दूरवैद्यक मार्गदर्शक सूचनांनी ही भीती बरीच कमी केली. डॉक्टरने आपली ओळख आणि नोंदणी क्रमांक स्पष्ट करावा, रुग्णाची ओळख पटवावी, नोंद ठेवावी. काही औषधे पहिल्या भेटीत द्यायची तर व्हिडिओ हवाच, काही केवळ पाठपुराव्यात वाढवता येतात आणि अमली व मनोविकारी द्रव्ये दूरसल्ल्यावर मुळीच लिहिता येत नाहीत. यंत्रबुद्धीने रुग्णाला सल्ला द्यायचा नाही, हेही तिथे लिहिलेले आहे. पडद्यावरून भागणार नाही असे वाटले, तर सल्ला थांबवून प्रत्यक्ष तपासणीस पाठवण्याचा अधिकार डॉक्टरला आहे. माझ्या मते त्या दस्तऐवजातील सर्वांत मौल्यवान आणि सर्वांत कमी वापरला जाणारा भाग हाच.

सूचना सांगतात काय करावे आणि काय करू नये. कसे बोलावे, हे त्या सांगत नाहीत. नियमांनी ते सांगावे अशी अपेक्षाही नाही. पण वैद्यकीय शिक्षणातही ते कुणी शिकवत नाही. आम्ही खाटेशेजारी उभे राहून शिकलो. तिथे रुग्ण दारातून चालत येतो तेव्हाच निम्मे निदान होते: चाल, श्वास, शरीराचा वास, सोबत आलेल्या माणसाचा चेहरा. पडदा यातले बहुतेक सगळे काढून घेतो आणि हातात एक चौकट ठेवतो. त्या चौकटीत काय दिसत नाही याचे भान डॉक्टरला असले पाहिजे. रंग त्यात फसवा असतो. फिकटपणा, कावीळ, ओठांचा निळेपणा यांवर कॅमेऱ्याच्या भरवशावर मत देऊ नये. जोडणी अडखळत असेल तर मुलाचे श्वास पडद्यावरून मोजता येत नाहीत, कारण मधली दृश्ये गळून पडतात. तिथे बसलेल्या कर्मचाऱ्याला पूर्ण एक मिनिट मोजायला सांगावे आणि ते मिनिट आपण गप्प राहावे. गप्प राहणे आम्हाला जड जाते.

म्हणून आता मी भेटीची सुरुवात आजाराने करत नाही. आधी स्वतःचे नाव आणि विभाग सांगतो, मग विचारतो: आपण आत्ता नेमक्या कुठे आहात, संपर्क तुटला तर कोणत्या क्रमांकावर फोन करू, आणि खोलीत आणखी कोण आहे? शेवटचा प्रश्न मी त्या हिवाळ्यात शिकलो. कॅमेऱ्याच्या बाहेर सासू बसलेली असते, दीर दारात उभा असतो, शेजारीण आपल्या पाळीची वाट पाहत असते. डॉक्टरला मात्र वाटते की आपण एकट्या रुग्णाशी बोलतो आहोत. त्यानंतरचा प्रश्न रुग्णाशेजारच्या कर्मचाऱ्याला: तुमच्या कपाटात आज काय चालू स्थितीत आहे? रक्तदाबमापक, साखर मोजण्याच्या पट्ट्या, ऑक्सिमीटर, हिमोग्लोबिनचे यंत्र. माझे बोट रुग्णाच्या पोटावर ठेवता येत नाही, पण त्यांचे ठेवता येते; कुठे, किती दाबून आणि दाबताना चेहऱ्याकडे बघून, एवढे मी सांगू शकतो.

चित्रापेक्षा आवाज महत्त्वाचा, हेही अनुभवाने कळले. चित्र गोठले तर इलाज आहे, शब्द तुटले तर औषधाची मात्रा चुकते. जोडणी रडतखडत चालत असेल तर मी चित्र बंद करतो किंवा सरळ फोन लावतो. गोळ्यांची पाकिटे मात्र कॅमेऱ्यासमोर धरायला सांगतो, कारण ‘ती पांढरी गोळी’ या वर्णनात निम्मे औषधशास्त्र मावते. आणि शेवटी रुग्णालाच विचारतो की आता आपण घरी जाऊन काय करणार, कोणते लक्षण दिसले तर थांबायचे नाही. चुकीचे उत्तर आले तर चूक बहुधा माझ्या सांगण्यातली असते. (टंकताना मान खाली घातली की रुग्णाला केवळ आमचे टक्कल दिसते, ही बाब एका वृद्ध मेंढपाळाने माझ्या लक्षात आणून दिली.)

या साऱ्याला वेळ लागतो आणि इथे प्रश्न डॉक्टरच्या शिस्तीपुरता उरत नाही. दूरसल्ल्याचे यश आपण सल्ल्यांच्या संख्येने मोजतो. आकडा सोपा असतो, छापता येतो. पण चार मिनिटांच्या माझ्या तीन निरुपयोगी भेटी त्या हिशेबात तीन यशे म्हणून जमा होतात, तर ज्या भेटीने तिचा जीव वाचला ती केवळ एक. किती सल्ल्यांनंतर रुग्णाला प्रत्यक्ष पाठवले, पाठवलेल्यांपैकी किती जण पोहोचले, त्याच तक्रारीसाठी कोण तिसऱ्यांदा आले, हे राज्यांनी दरमहा पाहिले तर डॉक्टरची चार मिनिटे आपोआप दहा होतील. त्यासाठी नव्या उपग्रहाची गरज नाही, नोंदीत दोन रकाने वाढवावे लागतील.

दुसरी गरज दुसऱ्या टोकाची आहे. तमिळनाडूत अरविंद नेत्र रुग्णालयाच्या ग्रामीण दृष्टिकेंद्रांत प्रशिक्षित तंत्रज्ञ डोळा तपासते आणि मग डॉक्टर पडद्यावर येतो. तिथली तपासणी खरी होते, कारण तपासणारे हात तिथेच असतात. सामान्य उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला मात्र आपण अजून कॅमेरा लावून देणारी व्यक्ती समजतो. डॉक्टरशी असहमत होण्याची, ‘सर, आधी हे मोजू या’ म्हणण्याची मुभा तिला प्रशिक्षणात आणि लेखी, दोन्हीकडे मिळायला हवी. मी विचारले नाही ही चूक होतीच. पण ज्या कर्मचाऱ्याने पहिल्या तिन्ही वेळा रुग्णाला माझ्यासमोर बसवले, त्यालाही मला टोकणे शक्य वाटले नसावे.

ती स्त्री मार्चमध्ये पुन्हा पडद्यावर आली. हिमोग्लोबिन १०.२ होते, आकडा मी विचारण्याआधी सांगितला गेला. गर्भाशयातील गाठीची शस्त्रक्रिया व्हायची आहे आणि तिची तारीख साच खिंड उघडल्यावर ठरेल.