कामगार नुकसानभरपाई दाव्यांतील वकील फी व तिची न्यायालयीन वसुली : फ्लोरिडा राज्याचा अनुभव

कामावर असताना इजा झालेल्या कामगारास मालकाचा दोष सिद्ध न करताही भरपाई मिळावी, हे कामगार नुकसानभरपाई कायद्याचे मूळ सूत्र आहे. मात्र ही भरपाई कायद्यानेच मर्यादित केलेली असते. मग दावा लढविणाऱ्या वकिलाची फी कोणी, किती व कोणत्या मार्गाने द्यावयाची, या प्रश्नाचा अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या संदर्भात विचार करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

फ्लोरिडात कामगाराच्या वकिलाची फी ही केवळ खाजगी कराराची बाब नाही. तीस नुकसानभरपाई न्यायाधीशाची मंजुरी लागते व मंजुरीवाचून फी स्वीकारणे हा गुन्हा ठरविलेला आहे. जखमी माणसाच्या तुटपुंज्या रकमेला वकिलाने कात्री लावू नये, हा त्यामागील हेतू. विमा कंपनीने दावा नाकारला आणि कामगार जिंकला, तर फीचा बोजा विरुद्ध पक्षावर पडतो. फीचे कोष्टक कायद्यातच आहे : मिळवून दिलेल्या लाभाच्या पहिल्या ५,००० डॉलरवर २० टक्के, पुढील ५,००० वर १५ टक्के आणि उर्वरित रकमेवर सामान्यतः १० टक्के. पूर्वी न्यायाधीशास श्रम व वेळ पाहून हा आकडा बदलता येई. २००३ च्या दुरुस्तीने ती मुभा काढून घेतली. कायद्यात ‘वाजवी’ हा शब्द उरला होता. त्याच्या आधारे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये वाजवी फी देता येते असा अर्थ लावला. विधिमंडळाने २००९ मध्ये तो शब्दच वगळला!

याचा परिणाम ‘कॅस्टेलानोस विरुद्ध नेक्स्ट डोअर कंपनी’ या खटल्यात उघड झाला. विरुद्ध पक्षाने बारा बचाव उभे केले होते. कामगाराच्या वकिलाचे १०७.२ तास खर्ची पडले व ते आवश्यक होते, असे न्यायाधीशानेही मान्य केले. परंतु मिळालेला लाभ ८२२.७० डॉलरचा, म्हणून फी १६४.५४ डॉलर, म्हणजे ताशी सुमारे दीड डॉलर. विमा कंपनीच्या वकिलांना मात्र हे कोष्टक लागू नव्हते. अशा दराने लहान दावा कोणता वकील हाती घेईल? कामगाराच्या रक्षणासाठी घातलेले कुंपण त्यालाच वकिलापासून दूर ठेवू लागले. एप्रिल २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध दोन मतांनी हे ताठर कोष्टक घटनाबाह्य ठरविले. कोष्टक आरंभबिंदू म्हणून राहिले. ते अवाजवी ठरत असल्याचे दाखविण्याची वाट खुली झाली.

फी मंजूर होणे आणि ती हाती पडणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुकसानभरपाई न्यायाधीश कार्यकारी शाखेतील अधिकारी असल्याने जप्तीचा हुकूम काढण्याचा अधिकार त्याच्याकडे नाही. आदेश अंतिम झाल्यावर दहा दिवसांत त्याचे पालन न झाल्यास आदेशाच्या लाभधारकाला सर्किट न्यायालयाकडे जावे लागते. हे न्यायालय प्रथम कारणे दाखवा आदेश काढते आणि समाधानकारक कारण न दिल्यास अंमलबजावणीचा हुकूम देते.

भारतात असे कोष्टक नाही. १९२३ च्या कायद्याने भरपाईची रक्कम जप्तीपासून सुरक्षित ठेवली होती आणि खर्चाचा प्रश्न आयुक्ताच्या विवेकावर सोपविला होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. दाव्याच्या निकालावर अवलंबून असलेली फी ठरविण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांना मनाई केलेली आहे. त्यामुळे आपल्याकडील जखमी कामगाराला वकिलाचे पैसे निकाल काहीही लागला तरी द्यावे लागतात.